दहापैकी चार

“कागद नुसता हातात द्या सर. वास घेऊन सांगतो, प्राथमिक साधन आहे की दुय्यम.”

हे मी नेहेते सरांच्या ओट्यावर बसून बोललो. नेहेते सर म्हणजे माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक. त्यांनी मागे हात घातला, खिडकीतला एक कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. पिवळा पडलेला, कडा झिजलेल्या, मधोमध तेलाचा मोठा डाग. मी डोळे मिटून लांब श्वास घेतला.

“प्राथमिक,” मी म्हटलं. “पन्नास वर्षांच्या आतला नाही. हा डाग समईचा आहे. दिव्याजवळ धरून वाचलाय कुणीतरी.”

“कालच्या भज्यांचा आहे,” सर म्हणाले. “आणि कागद माझ्याच पुस्तकाचा. बी.ए. तृतीय वर्ष, संभाव्य प्रश्न आणि उत्तरे. तुम्ही हेच वाचून पास झालात बाविस्कर.”

आत सरांच्या पत्नींनी हातातलं पातेलं खाली ठेवून हसून घेतलं.

“नीट ऐका,” सर म्हणाले. “बाळंतीण स्वतः सांगते ते प्राथमिक साधन. शेजारीण सांगते ते दुय्यम. शेजारणीच्या घरी आलेली पाहुणी सांगते ते तृतीयक. आणि ती पाहुणी झोपेत बरळते, तो तुमचा प्रबंध. साडेतीनशे पानं लिहिलीत आणि त्यात बाळंतीण एकही नाही! एक तरी प्राथमिक साधन आणा. त्याशिवाय मी सही करणार नाही.”

या गोष्टीला वीस वर्षं झाली. मी तेव्हा देऊळतळ्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवायचो. तासिका तत्त्व म्हणजे वर्गात उभा राहिलो तर मास्तर, खाली उतरलो तर कुणी नाही. अशी नऊ वर्षं काढली होती. संस्थेचे अध्यक्ष जिभाऊ. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून स्पष्ट सांगितलं होतं, “सर, मे महिन्यात जागा भरतोय. डॉक्टर होऊन आलात तर तुम्हाला कायम करतो. नाहीतर माझ्या साडूचा पोरगा आहे. तो डॉक्टर झालेलाय. कशात झालाय ते मी विचारलं नाही.”

माझा विषय होता गावातल्या जिनिंगचा संप. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. १९५३ साली तिथल्या कामगारांनी संप केला. पुढारी रघुनाथ मिस्त्री. वॉरंट निघालं तसे मिस्त्री नदीकाठच्या एका केळीच्या बागेत लपले. अकरा दिवस कुणाला पत्ता लागला नाही. बाराव्या दिवशी जिनिंगच्या शेठचे पैलवान इकडेतिकडे न बघता थेट त्या बागेत, थेट त्या खोपीत शिरले. मिस्त्री तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारले आणि संप मोडला. शेठच्या मुनीमला जागा कुणी सांगितली, फितूर कोण, हे गावाला पन्नास वर्षांत कळलं नव्हतं. पानाच्या टपरीवर दोन म्हातारे भांडले की पहिली शिवी हीच निघायची, “तुझ्याच बापानं सांगितलं असेल मिस्त्रीचं!”

मिस्त्रींची मुलगी गावातच होती. कावेरीकाकू. त्यांचे यजमान ओंकार गुरुजी. अर्ध्या गावाला यांनीच अक्षरओळख करून दिलेली, शाळेच्या हॉलमध्ये यांचा फोटो. आणि तेरा वर्षांचे असताना हेच गुरुजी बागेत मिस्त्रींना भाकरी पोचवायचे, हेही सगळ्यांना माहीत. म्हणजे चालतंबोलतं प्राथमिक साधन माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर होतं. फक्त दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा झाला होता, त्यामुळे ते चालत नव्हतं आणि बोलतही नव्हतं.

मी गेलो तेव्हा काकू त्यांना वरणात कुस्करलेली पोळी भरवत होत्या.

“या सर, या. अहो, बघा कोण आलंय. कॉलेजातले बाविस्कर सर.”

“बरं,” गुरुजी म्हणाले.

“बोलतात की!”

“तेवढा एकच शब्द राहिलाय,” काकूंनी त्यांची हनुवटी पदरानं पुसली. “चहा घ्यायचा का, बरं. पाय दुखतो का, बरं. परवा माकडानं पत्रा तोडला, तेव्हाही बरंच. पण कळतं सगळं हं. डोळ्यांत दिसतं.”

मी माझी अडचण सांगितली. बाळंतीण, शेजारीण, पाहुणी, सगळं सांगितलं. काकू घास हातात धरून ऐकत राहिल्या.

“लिहिलेलं चालेल का हो?” त्या म्हणाल्या. “यांच्या शाळेतल्या वह्या आहेत पेटीत. मी कधी उघडून बघितल्या नाहीत. म्हटलं, असतील त्यांच्या काही आठवणी, राहू दे त्यांच्याजवळ. तुम्हाला माझ्या वडलांचं काही सापडलं तर बघा.”

पलंगाखालून पत्र्याची पेटी निघाली. वह्या वाळवीनं खाल्लेल्या. एकीच्या पुठ्ठ्यावर ‘१९५३’ दिसलं आणि मी तीच आधी उघडली. आतल्या एका पानाचा वरचा तळहाताएवढा भाग वाळवीनं नेला होता. त्याच्या खाली गोल, कोवळ्या अक्षरात लिहिलं होतं:

‘होय, मीच तो! रघुनाथ मिस्त्री केळीच्या बागेत लपले आहेत हे मीच मुनीमजींना सांगितले. ज्या हाताने त्यांना भाकरी दिली त्याच हाताने मी बागेची वाट दाखविली. आता मला झोप येत नाही. घास घशाखाली उतरत नाही. त्यांची लहानगी मुलगी अंगणात खेळताना दिसली की मी तोंड फिरवितो. अरेरे! मी हे काय केले! अरेरे!’

असं दीड पान. मग शेवट पुन्हा वाळवीच्या पोटात. पुढची पानं मी उलटली नाहीत. जे शोधतोय ते सापडल्यावर पुढे वाचायची मला कधीच सवय नव्हती.

काकू चहा टाकायला आत गेल्या. मी टेपरेकॉर्डर काढला, गुरुजींच्या तोंडाजवळ धरला आणि हळूच विचारलं, “गुरुजी, मिस्त्री कुठे लपलेत हे मुनीमला तुम्हीच सांगितलं?”

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा उजवा हात पलंगाच्या पट्टीवर घासायला लागला.

“बरं.”

“म्हणजे तुम्हाला कबूल आहे?”

“बरं. बरं. बरं!”

“पश्चात्ताप होतो?”

त्यांच्या डोळ्यांतून घळघळ पाणी आलं. “बरं,” ते म्हणाले.

मी टेप बंद केला. काकू कप घेऊन आल्या. “काय म्हणत होते?”

“छान गप्पा झाल्या,” मी म्हटलं.

वही पाहून नेहेते सर खुर्चीतून उठलेच. टेप तीनदा ऐकली. “एक लिखित आणि एक मौखिक! आणि दोन्ही एकाच बाळंतिणीची! अहो बाविस्कर, विद्यापीठ स्थापन झाल्यापासून असं साधन कुणी आणलेलं नाही. त्या ‘अरेरे’वर स्वतंत्र प्रकरण करा.”

मी केलं. ‘अरेरे : अपराधभावाची भाषिक अभिव्यक्ती’. अठ्ठावीस पानं झाली.

“पण सर,” मी जाताना विचारलं, “काकूंना आधी सांगावं का? त्यांचे वडील आणि त्यांचाच नवरा.”

“साधनाला विचारून कुणी निष्कर्ष काढतं का?” सर म्हणाले. “त्यापेक्षा त्यांचा सत्कार करा. वही त्यांनी दिली आहे.”

जानेवारीत आमच्या कॉलेजात राज्यस्तरीय चर्चासत्र झालं. विषय ‘इतिहासाची साधने’. अध्यक्ष जिभाऊ. साधन उपलब्ध करून दिल्याबद्दल कावेरीकाकूंना व्यासपीठावर बोलावलं, शाल दिली, श्रीफळ दिलं आणि पहिल्या ओळीत खुर्ची दिली. काकूंनी नवी साडी नेसली होती. शेजारणीला गुरुजींजवळ बसवून आल्या होत्या. माझ्या कानात म्हणाल्या, “सर, घरी गेल्यावर यांना सगळं सांगणार आहे. खूश होतील.”

मग मी माईकवर निबंध वाचला. आवाज चांगला लागला होता. ‘होय, मीच तो’ मी दोनदा वाचलं, कारण पहिल्या वेळी मागच्या बाकांवर चहाचे कप वाजत होते. ‘त्यांची लहानगी मुलगी अंगणात खेळताना दिसली’ या वाक्याला मी समोर बघितलं. ती लहानगी मुलगी शाल पांघरून बसली होती. तिच्या मांडीवरचा नारळ घरंगळला, गडगडत आला आणि व्यासपीठाच्या पायरीला टपकन लागला. त्याच वेळी माझं वाक्य संपलं, म्हणून सभागृहानं टाळ्या वाजवल्या. एका प्राध्यापकानं नारळ उचलून अदबीनं पुन्हा काकूंच्या मांडीवर ठेवला.

नंतर मी टेप लावली. सगळे ‘बरं’ शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू गेले.

अध्यक्षीय भाषणात जिभाऊंचा कंठ दाटून आला. “पन्नास वर्षं,” ते म्हणाले, “पन्नास वर्षं हा कलंक माझ्या गावाच्या माथ्यावर होता. आज सरांनी तो पुसला. ओंकार माझ्या वर्गातला. पण सत्यापुढे मैत्री नाही. त्याचा फोटो शाळेतून उद्याच्या उद्या काढा.” खाली आल्यावर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. तळवे ओले होते. मला वाटलं, किती हळवा माणूस.

पेपरात दोन कॉलमची बातमी आली. शाळेतला फोटो निघाला. गुरुजींची दाढी करायला दर रविवारी घरी येणारा न्हावी येईनासा झाला आणि गुरुजी महिनाभरात ओळखू येईनासे झाले. त्यांच्या दारात कुणीतरी केळीचे खुंट आणून टाकायचं. काकू ते उचलून बाजूला ठेवायच्या आणि दार लावून घ्यायच्या. त्या दीड पानाची झेरॉक्स ठेवून मी मूळ वही कॉलेजच्या शिपायाच्या हाती काकूंना परत पाठवली आणि त्या गल्लीतून जायचं सोडलं. मला घाई होती. तोंडी परीक्षा मार्चच्या अठ्ठावीस तारखेला होती.

वीस मार्चला दारात एक म्हातारा उभा. गळ्यात मापाची टेप, बगलेत वही.

“मी वेडू शिंपी. ओळख नाही आपली. आत येऊ का?”

“या, बसा.”

“मी ऐकलं का तुम्ही जुन्या वहीला शाल देता.”

“साधन पाहून देतो.”

“मंग पाहा,” त्यानं वही माझ्या मांडीवर ठेवली. “मीबी फितूर आहे.”

मी वही उघडली. ‘होय, मीच तो पापी! मिस्त्रींना मीच पकडून दिले...’ मी पेन काढलं. दोन फितूर! हा कट होता तर. ‘फितुरांचे जाळे’ असं पुढच्या निबंधाचं नावसुद्धा मला सुचलं.

“वेडूभाऊ, तुम्ही आणि गुरुजी मिळून गेला होता मुनीमकडे?”

“कोन मुनीम?”

“ज्याला मिस्त्रींची जागा सांगितली तो.”

वेडू शिंप्यानं वहीत वाकून बघितलं. मग त्याचं बोळकं उघडलं आणि तो इतका हसला की मापाची टेप गळ्यातून खाली पडली.

“अहो सर! वरती वाचा ना. वरती काय लिहेल आहे?”

त्याच्या वहीला वाळवी लागलेली नव्हती. पानाच्या डोक्यावर ठळक अक्षरात होतं, ‘निबंध क्र. ७ : एका फितुराचे मनोगत’. आणि खाली लाल शाईत, ‘१० पैकी ७. अक्षर सुधारा.’

“मिस्त्री गेले ना, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात देशमुख मास्तरांनी दिला व्हता सगळ्या वर्गाले,” तो डोळे पुसत म्हणाला. “मास्तर मिस्त्रींचे दोस्त. म्हणे, ल्ह्या पोरांहो, फितूर झाले असं समजून ल्ह्या. अडतीस पोरं, अडतीस फितूर! आधीच्या आठवड्यात फाटकी छत्री झालो व्हतो, पुढच्या आठवड्यात नदी. ओंकारच्या वहीत पुढचं पान वाचलं नाही का तुम्ही? तिथं तो नदी आहे. चांगली वाहे त्याची नदी.”

मी ती लाल शाई पुन्हा वाचली. मी स्वतः सहावीत असताना ‘मी शाळेची घंटा बोलतेय’ लिहिलं होतं.

“ओंकारले चारच भेटले व्हते,” वेडू म्हणाला. “मास्तर म्हने, तुझा फितूर फार रडतो. फितूर असा रडत नाही. बरोबर आहे, तो रोज भाकरी न्यायचा, त्याचंच मन भरून येल व्हतं. मले सात. तरी शाल ओंकारच्या घरी गेली. मले मिळाली तर काय बिघडलं?”

“सगळ्यात जास्त कुणाला होते?” मी उगाच काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

“जिभाऊले. दहापैकी नऊ! वर्गात वाचून दाखवला मास्तरांनी. काय ल्हेल व्हतं! मुनीमच्या पेढीमागं दुसरी खोली आहे, तिथं निळी सतरंजी आहे, मुनीम पानाच्या डब्यात डाव्या हातानं चुना लावतो, बागेच्या कुपाटीले मागून भोक आहे, तिथून शिरायचं. एक ‘अरेरे’ नाही. वाचता वाचता मास्तरांचा आवाजच बसला. वही परत दिलीच नाही त्याले. पुढच्या महिन्यात मास्तरांची बदली झाली थेट धडगावकडे, मंग काही कळलं नाही. आम्ही तर वर्षभर म्हनायचो, काय डोकं आहे गड्याचं! त्याचा बाप तेव्हा साधा गाडीवान. त्याच साली जिनिंगच्या सगळ्या गाड्यांचा ठेका भेटला त्याले. नशीब राहतं एकेकाचं.”

मी वेडू शिंप्याला बसवून ठेवलं आणि बाजारातून शाल आणि नारळ आणला. त्याच्या खांद्यावर शाल घातली, पाया पडलो आणि वही ठेवून घेतली. “फोटो नाही काढत का?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, नंतर काढू.

तसाच नेहेते सरांकडे गेलो. सरांनी वेडूची वही वाचली. बराच वेळ चष्मा पुसला.

“आठ दिवस राहिलेत तोंडी परीक्षेला,” ते म्हणाले.

“सर, गुरुजी फितूर नव्हते. तो निबंध होता. आणि खरा फितूर...”

“थांबा. जिभाऊंची वही कुठाय?”

“मास्तरांनी ठेवून घेतली. मास्तर वारले असतील.”

“म्हणजे वही नाही. मग तुमच्याकडे काय आहे? वेडू शिंपी सांगतो की देशमुख मास्तरांनी वाचून दाखवलं की जिभाऊंनी असं लिहिलं होतं. बाविस्कर, ही पाहुणी झाली. तृतीयक! तृतीयक साधनावर तुम्ही संस्थेच्या अध्यक्षांना फितूर ठरवणार?”

“निदान गुरुजींचं तरी...”

“गुरुजींचं काय? वही त्यांच्या हाताची आहे. टेप त्यांच्या आवाजाची आहे. ‘होय, मीच तो’ असं स्वच्छ लिहिलंय. मी काय सांगितलं होतं तुम्हाला, बाळंतीण स्वतः सांगते ते प्राथमिक. मग झालं तर.”

त्यांनी वेडूची वही माझ्या हातात परत दिली आणि ‘अरेरे’च्या प्रकरणातल्या दोन शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या.

तोंडी परीक्षा पंचवीस मिनिटांत झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांना चारची गाडी होती. ते म्हणाले, साधनांचा असा हृदयस्पर्शी वापर आपण पाहिला नाही. मे महिन्यात मी डॉक्टर म्हणून मुलाखतीला बसलो. समोर जिभाऊ, प्राचार्य आणि कुणीतरी एक तज्ज्ञ. तज्ज्ञ वेफर्स खात होते. प्रश्न जिभाऊंनीच विचारला.

“सर, प्राथमिक साधन म्हणजे काय हो? आम्हा अडाण्याला समजेल असं सांगा.”

“जो माणूस प्रत्यक्ष तिथे हजर होता, त्याचं म्हणणं, साहेब.”

“हजर असलेले सगळे बोलतात का?”

“नाही साहेब.”

“न बोलणाऱ्याचं काय करता मग तुम्ही?”

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते. पंखा फिरत होता.

“त्यांच्याविषयी काही पुरावा नसतो, साहेब,” मी म्हटलं.

“वा,” जिभाऊ म्हणाले. “वेडू शिंपी सांगत होता, तुम्ही त्यालापण शाल दिली म्हणून. जुन्या माणसांची कदर आहे तुम्हाला. प्राचार्य, यांचीच ऑर्डर काढा. साडूला मी बघतो.”

ऑर्डर जूनच्या सहा तारखेला हातात पडली. कायम झालेल्या माणसाला एकदम धीर येतो. मी वेडूची वही घेतली आणि काकूंकडे गेलो. बाहेरच्या खोलीतला पलंग उचललेला होता. गुरुजी पंधरा दिवसांपूर्वी गेले होते. मला कुणी सांगितलं नव्हतं. प्रेताबरोबर गावातनं सात माणसं होती म्हणे.

काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. मास्तर, अडतीस पोरं, निबंध क्रमांक सात. जिभाऊंचं सोडून सगळं. वही उघडून लाल शाईसुद्धा दाखवली.

त्यांनी ते पान पुष्कळ वेळ वाचलं.

“रोज संध्याकाळी विचारायचे मी,” त्या म्हणाल्या. “तुमचा पेपरात आलेला कागद त्यांच्यापुढे धरायचा आणि विचारायचं, तुम्हीच सांगितलं ना माझ्या बापाचं? रोज म्हणायचे, बरं. शेवटी शेवटी मी घास हातात धरून ठेवायचे. आधी सांगा, मग खा. रडायचे आणि म्हणायचे, बरं.”

“काकू, त्यांना तेवढंच बोलता येत होतं. तुम्हाला तर माहीत होतं.”

“मला माहीत होतं,” काकू म्हणाल्या. “तुम्हालाही मीच सांगितलं होतं. आणि तरी तुम्ही मशीनमध्ये भरून घेतलंत. मला वाटलं, एवढा शिकलेला माणूस आहे, याला त्या ‘बरं’मधलं माझ्यापेक्षा जास्त कळत असेल.”

बाहेर भांडीवाली ओरडत गेली. पेटी कुठे दिसते का ते मी बघितलं.

“गुरुजींच्या वह्या कुठे आहेत? त्याच वहीत पुढच्या पानावर ते नदी झालेत, ते दाखवलं की सिद्ध होईल.”

“बंबात घातल्या. त्यांच्या शेवटच्या आंघोळीचं पाणी त्यावरच तापवलं.” मग लाल शाईवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “यांना किती मिळाले होते?”

“चार.”

“का?”

“मास्तर म्हणाले, तुझा फितूर फार रडतो.”

काकूंनी वही मिटली. “माझ्यासमोर सांगून काय होतंय सर? माईकवर सांगितलं होतंत. माईकवरच सांगा.”

मी हो म्हटलं. पण माईकवर सांगायला चर्चासत्र लागतं आणि चर्चासत्राला अध्यक्षांची परवानगी लागते. म्हणून मी एक पानाचं शुद्धिपत्र टाइप केलं. ‘पृष्ठ २१२ ते २३९ वरील लेखन हा शालेय निबंध असल्याचे आढळून आले आहे. कै. ओंकार गुरुजी यांचा फितुरीशी कोणताही संबंध नाही.’ प्रबंधात शिवून घ्यावं अशा अर्जासकट ते विद्यापीठाच्या ग्रंथालयाला पाठवलं, पोच घेतली आणि पोचेची एक प्रत काकूंना नेऊन दिली.

त्यांनी ती दोनदा वाचली. “म्हणजे आता तिथे लिहिलेलं आहे?”

“कायमचं,” मी म्हटलं.

दिवाळीनंतर त्या एकट्याच एस.टी.नं विद्यापीठात गेल्या. तीन तासांचा रस्ता. ग्रंथालयातल्या शिपायानं मला नंतर सांगितलं. त्यांनी माझा प्रबंध मागून घेतला, खिडकीशी बसल्या आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकेक पान बोटानं उलटलं. ‘होय, मीच तो’ आलं, ‘बरं’ आलं, ‘अरेरे’ची अठ्ठावीस पानं आली. पाच वाजता शिपायानं दिवे मालवायला घेतले, तेव्हा त्यांनी विचारलं, “यात अजून एक कागद असायला हवा होता ना हो?” शिपाई म्हणाला, “जे आहे ते एवढंच आहे आजी.” त्यांनी प्रबंध मिटून टेबलावर नीट ठेवला आणि शेवटची गाडी पकडली. त्या फेब्रुवारीत गेल्या.

शुद्धिपत्र बाइंडरनं शेजारच्या प्रबंधात शिवलं होतं. कागदी लिंबावरच्या खैऱ्या रोगाचा प्रबंध आहे तो, वनस्पतिशास्त्राचा. पान २१२ नंतर. त्या प्रबंधाचं पुढे पुस्तक निघालं. शुद्धिपत्र त्यातही छापलेलं आहे.